एक लिटर इंधनामागें किती पाणी?

मोटार चालण्यास तेल लागतें आणि पीक येण्यास पाणी लागतें, या दोन्ही गोष्टी सर्वांच्या नित्य परिचयाच्या आहेत. परंतु ज्या दिवसापासून पिकांतूनच मोटारीचें इंधन निघूं लागलें, त्या दिवसापासून या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध जडला आणि एक नवाच हिशेब जन्मास आला. इंधनाचें एक लिटर तयार होईपर्यंत शेतानें किती लिटर पाणी प्यालेलें असतें, हा तो हिशेब होय. वरवर पाहतां तो त्रैराशिकाचा साधा प्रश्न वाटतो. परंतु तो सोडवावयास बसलें म्हणजे कोणतें पाणी, कोठलें पाणी आणि कोणाच्या खात्यावर मांडावयाचें पाणी, असे तीन प्रश्न एकामागून एक पुढें येतात. आणि त्यांचीं उत्तरें दिल्यावांचून केवळ आंकड्यास कांहीं अर्थ राहत नाहीं.

भारतांत पेट्रोलमध्यें इथेनॉल नांवाचा मद्यार्क मिसळण्याचा कार्यक्रम २००३ सालीं कांहीं राज्यांत सुरू झाला. प्रथम हें प्रमाण शेंकडा ५ होतें. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानें उंसाचा रस, साखरेचा अंश अधिक राखलेली मळी आणि खराब झालेलें धान्य यांपासून इथेनॉल करण्यास वाट मोकळी करून दिली. २०२२ सालच्या जूनमध्यें मिश्रणानें शेंकडा १० चा टप्पा गांठला, आणि २०२५ सालीं तें शेंकडा २० पर्यंत पोंचलें. परदेशांतून येणाऱ्या खनिज तेलाचा खर्च त्यामुळें कांहीं अंशीं वांचतो, आणि साखर कारखान्यांस व शेतकऱ्यांस एक नवें गिऱ्हाईक मिळतें. हा लाभ डोळ्यांस दिसतो. पाण्याचा खर्च मात्र तसा दिसत नाहीं. कारण पाणी शेतांत खर्च होतें आणि इंधन शहरांतल्या पंपावर विकलें जातें. पंपावरील पावतींत पाण्याचा रकाना नसतो.

कारखान्याच्या दारांत उभें राहून पाहिलें तर हा खर्च फारसा मोठा वाटत नाहीं. उंसाच्या कांडींत वजनानें सुमारें शेंकडा ७० पाणीच असतें. रस आटवितांना तें वाफेच्या रूपानें निघतें, आणि तें थंड करून पुन्हां वापरल्यास साखरेच्या कामाची पुष्कळशी गरज त्यावरच भागूं शकते. मद्यार्काच्या कामीं आंबवण्यासाठीं व थंडाव्यासाठीं पाणी लागतें, आणि एका लिटरामागें ८ ते १५ लिटर काळपट सांडपाणी उरतें. म्हणजे कारखान्याच्या भिंतीआंतला हिशेब सामान्यतः दहा-वीस लिटरांच्या आसपास राहतो.

याच्या उलट, इथेनॉलच्या मिश्रणाविषयीं नीति आयोगानें २०२१ सालच्या जूनमध्यें जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत उंसापासून होणाऱ्या इथेनॉलच्या एका लिटरामागें सुमारें २,८६० लिटर पाणी लागतें, असें नमूद आहे. दहा-वीस कोठें आणि २,८६० कोठें! तथापि या दोन आंकड्यांत विरोध नाहीं. पहिला आंकडा ऊंस कारखान्याच्या कांट्यावर आल्यानंतरचा आहे. दुसरा उंसाचें बेणें सरींत पडल्यापासूनचा आहे. जैवइंधनाचें पाणी जवळजवळ सर्व शेतांतच खर्च होतें, हा या शास्त्राचा पहिला धडा होय.

एवढ्या मोठ्या आंकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं. कागद-पेन्सिल घेऊन तो कोणासही ताडून पाहतां येतो. त्याच अहवालाप्रमाणें एक टन उंसापासून साखर न करतां केवळ इथेनॉल केलें, तर सुमारें ७० लिटर मिळतें. ७० लिटरांस प्रत्येकीं २,८६० लिटर पाणी, म्हणजे टनभर उंसास सुमारें २ लाख लिटर पाणी झालें. एका हेक्टरांत ९० टन ऊंस आला असें धरलें, तर त्या हेक्टरास १८० लाख लिटर पाणी लागलें. आतां एका हेक्टरावर एक मिलीमीटर उंचीचें पाणी सांचलें, तर तें १०,००० लिटर भरतें. त्या मापानें १८० लाख लिटर म्हणजे १,८०० मिलीमीटर पाणी होय. जागतिक अन्न व कृषि संघटनेच्या मतें उंसास हवामानाप्रमाणें १,५०० ते २,५०० मिलीमीटर पाणी लागतें. म्हणजे २,८६० हा आंकडा अवाजवी नाहीं. पिकाची एकूण गरज धरली असतां तो बरोबर जुळतो.

परंतु पिकाची ही गरज तरी मोजतात कशी? पिकानें जमिनींतून घेतलेल्या पाण्यापैकीं अत्यल्प भाग त्याच्या अंगीं लागतो. बहुतेक सर्व पाणी पानांवाटे वाफ होऊन हवेंत जातें, आणि कांहीं ओल्या जमिनीवरून परभारें उडतें. या दोहोंची बेरीज मोजणें, हेंच खरें काम असतें. सर्वांत साधें साधन म्हणजे वेधशाळेच्या अंगणांत ठेवलेलें सुमारें १२० सेंटिमीटर व्यासाचें व २५ सेंटिमीटर खोलीचें बाष्पपात्र. त्यांतील पाण्याची पातळी रोज किती उतरली, हें पाहून हवेची तहान कळते. याहून काटेकोर उपाय म्हणजे जमिनींत पुरलेली मातीची मोठी टाकी. तिच्यांत पीक लावून ती वजनकांट्यावर ठेवतात, आणि वजन जितकें घटेल तितकें पाणी उडालें असें समजतात. इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथील संशोधक हॉवर्ड पेनमन यांनीं १९४८ सालीं ऊन, वारा, उष्णता आणि हवेंतील ओलावा यांवरून बाष्पीभवन काढण्याचें समीकरण मांडलें. त्याचेंच सुधारलेलें रूप जागतिक अन्न व कृषि संघटनेनें १९९८ सालीं सर्व जगासाठीं प्रमाण म्हणून स्वीकारलें.

त्या पद्धतींत प्रथम बारा सेंटिमीटर उंचीच्या हिरव्यागार गवतास किती पाणी लागेल, तें काढतात आणि मग त्यास पिकाच्या गुणकानें गुणतात. उंसाचा गुणक कोवळेपणीं ०.४०, भर वाढींत १.२५ आणि तोडणीच्या सुमारास ०.७५ धरतात. म्हणजे वाढीस लागलेला ऊंस गवताच्या सव्वापट पाणी पितो. हें प्रमाण जगांतील अनेक पिकांहून फार वेगळें आहे असें नाहीं. उंसाचा मोठा खर्च होतो तो मुख्यत्वें दीर्घकाळ शेतांत उभें राहण्यामुळें. ज्वारी चार महिन्यांत घरीं येते. सुरू ऊंस बारा महिने आणि आडसाली ऊंस सोळा ते अठरा महिने शेतांत उभा असतो, आणि प्रत्येक उन्हाळा त्यास पाण्यावरच काढावा लागतो. म्हणून उंसाचा आंकडा वाचतांना तो हंगामाचा आहे कीं वर्षाचा, हेंही पाहणें अवश्य असतें.

अलीकडे हें मोजमाप आकाशांतूनही होऊं लागलें आहे. पानांतून पाणी उडत असलें म्हणजे पान थंड राहतें. पाणी तुटलें म्हणजे तें तापतें. उपग्रहांतून जमिनीची उष्णता पाहून कोणत्या शेतांतून किती पाणी उडालें, हें काढण्याची एक पद्धति डच शास्त्रज्ञ विम बास्तियान्सेन यांनीं १९९८ सालीं मांडली. तिच्यायोगें शेताच्या बांधावर न जातांही संपूर्ण खोऱ्याचा हिशेब करतां येतो.

येथवर पाण्याचा एकूण आंकडा हातीं आला. पण सर्व पाणी सारखें नसतें. हा भेद स्पष्ट करण्याचें श्रेय नेदर्लंड्समधील प्राध्यापक आर्येन हुक्स्ट्रा यांस द्यावें लागतें. त्यांनीं २००२ सालीं 'जलपदचिन्ह' ही कल्पना मांडली. चिखलांतून चाललेल्या माणसाचें पाऊल जसें मागें उमटतें, तसा प्रत्येक वस्तूच्या मागें पाण्याच्या खर्चाचा ठसा उमटलेला असतो, असा तिचा आशय आहे. या कल्पनेंत पाण्याचे तीन रंग मानले जातात. पाऊस पडून जमिनींत मुरलेलें व पिकानें तेथूनच घेतलेलें पाणी तें हिरवें; नदी, धरण, कालवा किंवा विहीर यांतून उपसलेलें तें निळें; आणि खतें, औषधें व सांडपाणी यांनीं झालेली घाण सुसह्य होईपर्यंत विरळ करण्यास जितकें पाणी लागेल तें करडें. हुक्स्ट्रा यांचें २०१९ सालीं निधन झालें; परंतु त्यांची ही विभागणी आज जगभर वापरांत आहे.

विनी गेर्बेन्स-लेनेस, हुक्स्ट्रा आणि तेओ व्हान डेर मेर या तिघांनीं २००९ सालीं निरनिराळ्या पिकांच्या जैवइंधनाचा हिशेब प्रसिद्ध केला. एका लिटर इंधनामागें जगांत १,४०० पासून २०,००० लिटरांपर्यंत पाणी लागतें, असें त्यांस आढळलें. तुलनेच्या सोयीसाठीं त्यांनीं उष्णतेचें परिमाण घेतलें. एक गिगाज्यूल उष्णता देणाऱ्या इथेनॉलसाठीं शर्कराकंदास ६० घनमीटर, बटाट्यास १०० व उंसास ११० घनमीटर पाणी लागतें. तेलबियांच्या डिझेलचा खर्च याहून पुष्कळ अधिक, सोयाबीन व मोहरीवर्गीय बियांस सुमारें ४००, आणि पडीक जमिनीचें वरदान म्हणून एके काळीं गाजलेल्या जट्रोफास ६०० घनमीटर. नीति आयोगाचा २,८६० लिटरांचा आंकडा याच परिमाणांत मांडला तर सुमारें १३५ घनमीटर येतो. दोन्ही हिशेब स्वतंत्र असून एकमेकांच्या जवळ आहेत.

आतां रंगांचा भेद ध्यानांत घेतला तर काय होतें, तें पाहण्यासारखें आहे. सोलापूरच्या बाजूस पडणाऱ्या पावसांतून उंसाच्या उपयोगीं ५०० मिलीमीटर पाणी आलें असें समजा. १,८०० पैकीं उरलेलें १,३०० मिलीमीटर कालव्यानें किंवा विहिरीनें पुरवावें लागेल. म्हणजे २,८६० लिटरांपैकीं सुमारें २,०६५ लिटर पाणी निळें ठरलें. दुसऱ्या बाजूस पावसावर येणारा खरिपाचा मका घ्या. त्याचें हेक्टरीं ३ टन उत्पन्न धरलें, टनास ३८० लिटर इथेनॉल धरलें, आणि पिकानें ४५० मिलीमीटर पाणी प्यालें असें मानलें, तर एका लिटरामागें सुमारें ३,९५० लिटर पाणी येतें. केवळ एकूण आंकडा पाहणारा मनुष्य मक्यास उंसाहून अधिक खर्चिक ठरवील. परंतु मक्याचें हें पाणी सर्वस्वीं हिरवें आहे. तें कोणत्याही धरणांतून आलेलें नाहीं, आणि त्यानें कोणाच्या विहिरीचा तळ उघडा पडलेला नाहीं. मोठा आंकडा निरुपद्रवी असूं शकतो आणि लहान आंकडा जाचक ठरूं शकतो, हें या उदाहरणावरून दिसून येईल. अर्थात् तोच मका उन्हाळ्यांत विहिरीच्या पाण्यावर घेतला, तर हा युक्तिवाद लागू पडणार नाहीं.

दुसरी अडचण वाटणीची आहे. सर्वच इथेनॉल रसापासून होत नाहीं. साखर काढून घेतल्यावर शेवटीं जी मळी उरते, तिच्यापासून टनभर उंसामागें सुमारें १० लिटर इथेनॉल मिळतें, आणि त्याच उंसाची १०० किलो साखर आधींच निघालेली असते. मग त्या टनाचें २ लाख लिटर पाणी कोणाच्या नांवावर लिहावयाचें? मळी हा टाकाऊ पदार्थ मानला, तर सर्व पाणी साखरेचें, आणि इथेनॉलचा खर्च शून्य. सर्व पाणी इथेनॉलवर टाकलें, तर लिटरामागें २०,००० लिटर. किंमतीच्या प्रमाणांत वांटलें, म्हणजे उदाहरणार्थ साखर किलोस ३५ रुपये व इथेनॉल लिटरास ५० रुपये धरलें, तर साखरेचे ३,५०० आणि इथेनॉलचे ५०० रुपये होतात. पाण्याचा आठवा हिस्सा इथेनॉलकडे येतो, आणि लिटरामागें २,५०० लिटर पडतात. शेत एक, पाणी एक, आणि उत्तरें तीन! म्हणून एखाद्या पक्षानें आंकडा पुढें केला असतां वाटणीची रीत विचारून घेणें, हें ऐकणाराचें कर्तव्य ठरतें.

तिसरी गोष्ट दिलेल्या पाण्याची आणि खर्चलेल्या पाण्याची. धरणांतून सोडलेलें सर्व पाणी उंसाच्या मुळाशीं पोंचत नाहीं. कांहीं कालव्यांत झिरपतें, कांहीं शेतांतून खालीं उतरतें आणि पुढच्या विहिरींत पुन्हां वर येतें. असें पाणी शेतकऱ्याच्या दृष्टीनें वायां गेलें, तरी खोऱ्याच्या दृष्टीनें गेलेलें नसतें. वाफ होऊन उडालें तेंच खरें गेलें. ठिबक सिंचनानें शेतास द्यावें लागणारें पाणी पुष्कळ कमी होतें. परंतु उंसाच्या पानांची तहान तितक्या प्रमाणांत घटत नाहीं. वांचलेलें पाणी धरणांत किंवा भूमीच्या पोटांत राहिलें तर लाभ खरा. त्याच पाण्यावर आणखी एकरभर ऊंस लावला, तर खोऱ्याच्या खात्यांत शिल्लक कांहींच राहत नाहीं.

या हिशेबाची निकड महाराष्ट्रास विशेष आहे. राज्यांतील एकूण पिकाखालील क्षेत्राच्या शेंकडा ४ हूनही कमी क्षेत्रावर असलेला ऊंस सिंचनाच्या पाण्यापैकीं जवळजवळ शेंकडा ७० पाणी घेतो, असें केंद्र सरकारच्या कृषि मूल्य आयोगानें २०१० नंतरच्या दशकांतील आपल्या अहवालांत नमूद केलें होतें. २०१६ सालच्या एप्रिलमध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें. पन्नास वाघिणींची एक गाडी सुमारें २५ लाख लिटर पाणी नेई. वर काढलेल्या निळ्या पाण्याच्या मापानें पाहिलें, तर तेवढ्या पाण्यांत सुमारें १,२१० लिटर इथेनॉलपुरताच ऊंस पिकेल. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठीं माणशीं रोज ५५ लिटर हें प्रमाण ठरलेलें आहे. त्या मानानें एका लिटर इथेनॉलचें निळें पाणी म्हणजे एका माणसाचें सुमारें ३७ दिवसांचें पाणी झालें. यावरून ऊंस पिकविणाऱ्यानें शेजाऱ्याच्या तोंडचें पाणी पळविलें, असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. भावाची व खरेदीची इतकी शाश्वती दुसऱ्या क्वचितच पिकास असते, आणि शेतकरी त्या शाश्वतीकडे वळला तर तो व्यवहारच पाहतो. परंतु टंचाईच्या वर्षीं त्याच लिटराचा भार किती निराळा होतो, हें या तुलनेनें ध्यानांत येईल.

आणि टंचाई आली म्हणजे इंधनही अडतें. २०२३ सालीं महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांत पावसानें ओढ दिली आणि साखरेचें उत्पादन घटण्याचें भय उत्पन्न झालें. तेव्हां त्या वर्षाच्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें उंसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. पुढच्या हंगामासाठीं ते २०२४ च्या ऑगस्टमध्यें उठविण्यांत आले. या अवधींत कारखानदारांचा मोठा भर मक्याकडे वळला. पाण्याचा हिशेब कागदावर मांडला नाहीं, तर निसर्ग तो आपल्या वेळीं मांडतो, याचा हा अनुभव होय.

मग या मोजमापाचा व्यवहारांत उपयोग कोणता? पहिला उपयोग असा कीं, नवें इथेनॉल नव्या उंसापासून येणार कीं असलेल्याच उंसांतील जास्त झालेल्या साखरेपासून, हा प्रश्न स्पष्टपणें विचारतां येतो. उंसाचें क्षेत्र न वाढतां साखरेऐवजीं इथेनॉल झालें, तर नवें पाणी फारसें लागत नाहीं. परंतु इथेनॉलच्या भावामुळें नव्या रानांत सऱ्या पडल्या, तर त्या रानाचें सर्व पाणी इथेनॉलच्याच नांवावर लिहिलें पाहिजे. दुसरा उपयोग असा कीं, कारखान्यास परवाना देतांना त्याच्या यंत्रांची गरज पाहण्याबरोबरच त्यास ऊंस पुरविणाऱ्या खोऱ्यांत निळें पाणी किती शिल्लक आहे, हेंही पाहतां येतें. तिसरा उपयोग शेतकऱ्याच्या स्वतःच्या हिताचा. कालव्याच्या पाण्याची आकारणी पूर्वापार पिकाच्या क्षेत्रावर होत आली; त्यामुळें एकरामागें किती पाणी घेतलें, याची नोंदच होत नसे. २००५ सालच्या कायद्यानें पाणी वापर संस्थांस मोजून पाणी देण्याची तरतूद केली आहे, आणि नाशिक जिल्ह्यांतील वाघाड प्रकल्पावरील संस्थांनीं मोजून घेतलेलें पाणी आपसांत वांटण्याची रीत पाडून दाखविली आहे. पाणी मोजून मिळूं लागलें म्हणजे तें कोणत्या पिकास द्यावें, हा विचार शेतकरी दुसऱ्या कोणाहीपेक्षां अधिक बारकाईनें करतो.

इथेनॉल चांगलें कीं वाईट, असा प्रश्न विचारून कांहीं निष्पन्न होणार नाहीं. पावसाच्या प्रदेशांत, पावसाच्याच पाण्यावर, अन्नधान्याची गरज भागून उरलेल्या पिकांतून निघालेलें इंधन ही एक वस्तु आहे. आणि वैशाखांत विहिरी उपसून पिकविलेल्या उंसाचें इंधन ही दुसरी वस्तु आहे. पेट्रोलच्या टाकींत गेल्यावर दोन्ही सारखींच जळतात. त्यांतील अंतर केवळ मोजमापानेंच कळतें, आणि तें मोजमाप शेताच्या बांधावर, पाटाच्या तोंडाशीं आणि खोऱ्याच्या नकाशावर व्हावयास पाहिजे. जेथें पाणी विपुल आहे तेथें या हिशेबावांचून चालेल. परंतु जेथें उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहिली जाते, तेथें इंधनाचें लिटर मोजतांना त्याच्या मागचें पाणीही त्याच वहींत मांडलें गेलें पाहिजे.